उन्हाळी लागल्यावर आणि लागू नये म्हणून: पाणी, आहार आणि औषधांच्या वेळा

लघवी करताना आग, ओटीपोटात कळ, जाऊन आल्यावर पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटणं आणि गेल्यावर जेमतेम चार थेंब. याला आपण उन्हाळी लागणं म्हणतो, आणि या शब्दानेच पुष्कळांची दिशाभूल केली आहे. उष्णता झाली असेल, थंड काही प्यायलं की उतरेल, या भरवशावर माणसं चार-पाच दिवस काढतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ही जंतूंची लागण असते. साध्या, गुंतागुंत नसलेल्या लागणीत दहापैकी साधारण आठ वेळा तो जंतू ई. कोलाय असतो आणि तो आपल्याच आतड्यातून आलेला असतो. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोचतो आणि तिथून वर मूत्राशयात चढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग फक्त ४ सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषांचा २०च्या जवळ. स्त्रियांना हा त्रास इतका जास्त का, याचं मोठं कारण एवढंच.

आहाराने हा जंतू मरत नाही. हे आधी मनाशी पक्कं करा, मगच पुढचं वाचा. आहाराच्या हातात तीन गोष्टी आहेत: लघवी किती पातळ आणि किती वेळा होते, आतडं किती साफ राहतं, आणि सुजलेल्या मूत्राशयाला झोंबणारं काय काय पोटात जातं. त्यातली पहिली गोष्ट बाकी दोन्हींपेक्षा फार मोठी आहे. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा पाण्याला दिली आहे.

१. हे घरी सांभाळण्यासारखं आहे का, ते आधी ठरवा

पुढचं एकही लक्षण असेल तर पथ्यपाण्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा:

- ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, थंडी वाजून हुडहुडी भरणं
- कमरेच्या वर, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं
- उलट्या, पाणीही पोटात न ठरणं
- लघवीत रक्त दिसणं
- लघवीची जोरात भावना होऊनही ती अजिबात न होणं

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, पुरुष, मधुमेही, मुतखडा असलेले, कॅथेटर (लघवीची नळी) लावलेले आणि मूत्रपिंडाचा आजार किंवा प्रत्यारोपण झालेले यांनी तर साध्या जळजळीलाही तपासणी करून घ्यावी. वयस्कर माणसात ताप नसतानाही अचानक गोंधळल्यासारखं वागणं, जेवण सोडणं असं काही दिसलं तर तेही डॉक्टरांना दाखवा.

बाकी निरोगी स्त्रीला सौम्य जळजळ असेल तरी तपासणीची तयारी सोबतच सुरू ठेवा. ४८ तासांत उतार पडला नाही तर पुढे थांबू नका.

२. काय काय हाताशी हवं

- मापाच्या खुणा असलेली बाटली, ७५० मिली किंवा १ लिटरची
- लघवी मोजायला खुणा असलेला प्लास्टिकचा मग, फक्त याच कामासाठी
- थर्मामीटर
- एक वही
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, लोह, कॅल्शियम, अँटासिड, पावडरी, सिरप, सगळं लिहा. पुढच्या पायऱ्यांत या यादीचीच सगळ्यात जास्त गरज पडेल
- आधीचे युरिन रुटीन (लघवीची साधी तपासणी) आणि कल्चर (लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून तो कोणता ते बघणं) यांचे रिपोर्ट

कल्चरचा नमुना द्यायचा असेल तर तो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. लघवीची पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा. ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. इथे एक चूक फार होते: लघवी लवकर यावी म्हणून नमुन्याच्या आधी ढसाढसा पाणी प्यायलं जातं. त्याने लघवी इतकी पातळ होते की जंतूंची संख्या खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते. शक्यतो सकाळची पहिली किंवा तीन-चार तास मूत्राशयात राहिलेली लघवी द्या. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यामुळे लघवीत पट्टी बुडवून केलेली तपासणी खोटी स्वच्छ येऊ शकते.

३. तीन दिवसांची नोंद करा

पाणी किती पिता, असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण 'भरपूर' म्हणतो. मोजल्यावर चित्र वेगळं निघतं. तीन दिवस, त्यात एक सुटीचा, असं लिहा: वेळ, काय प्यायलं, किती मिली, लघवी कधी झाली, किती मिली, रंग कसा, जळजळ शून्य ते दहात किती. आजार अंगावर असेल तर या नोंदीसाठी उपचार थांबवू नका, दोन्ही सोबत चालू द्या.

वहीचं एक पान कसं वाचायचं ते बघा. समजा त्यावर असं लिहिलंय:

६.४५ लघवी ४२०, गडद. ७.१५ चहा १५०. ९.०० कॉफी २००. ११.३० लघवी ३८०, गडद. १.३० जेवणाबरोबर पाणी २००. ५.४५ लघवी ४५०, गडद, जळजळ ४. ६.०० चहा १५०. ८.३० जेवणाबरोबर पाणी ३००. ९ ते ११ पाणी ८००. १२.३० आणि ३.०० लघवीला उठावं लागलं.

बेरीज १८०० मिली भरते, म्हणजे तशी बरी. पण वाटणी बघा. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत सगळं मिळून ७०० मिली, त्यात साधं पाणी फक्त २००. सकाळी पावणेपाच तास आणि दुपारी सव्वासहा तास लघवीच नाही. बहुतेक पाणी रात्री नऊनंतर, त्यामुळे झोपमोड. या माणसाला 'जास्त पाणी प्या' असं सांगून काही उपयोग नाही. त्याला हवंय ते दिवसाचं पाणी. अनेकांच्या वहीत हाच साचा सापडतो. वर्गावर, गाडीवर, काउंटरवर किंवा यंत्रावर ज्यांना जागा सोडता येत नाही त्यांच्या वहीत तर हमखास.

४. पाणी: किती, कधी, कसं

पाणी का काम करतं ते आधी समजून घ्या. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. लघवीत हा वेग कमी असतो, तरी सहा तास साठून राहिलेली लघवी म्हणजे त्याला मिळालेली निवांत जागाच. दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामं झालं की चिकटून न बसलेले जंतू वाहून जातात, उरलेल्यांची वाढ मागे पडते. शिवाय पातळ लघवी सुजलेल्या अस्तराला कमी झोंबते.

याचा चांगला पुरावाही आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार लागण होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. अर्ध्यांनी वर्षभर रोज दीड लिटर जादा पाणी प्यायलं, बाकीच्यांनी सवय बदलली नाही. वर्षअखेर जादा पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, दुसऱ्या गटाला ३.२ वेळा. अँटिबायोटिकचे कोर्सही जवळजवळ निम्म्यावर आले. मात्र ही चाचणी आधी कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांवरची होती. तुम्ही आधीच अडीच लिटर पीत असाल तर आणखी दीड लिटरने तसाच फायदा होईल असं त्यातून निघत नाही.

ध्येय ठेवा ते असं: सगळे द्रव मिळून २ ते २.५ लिटर आणि दिवसभरात सहा ते आठ वेळा फिकट लघवी. २.२ लिटरची एक वाटणी अशी होते:

- उठल्यावर ३०० मिली
- नाश्त्याबरोबर २००
- सकाळच्या मध्यावर ३००
- दुपारच्या जेवणाच्या आसपास ३००
- दुपारी तीन-चारच्या सुमारास ३००
- संध्याकाळी सहाच्या आत ३००
- रात्रीच्या जेवणाबरोबर ३००
- झोपण्याच्या दोन तास आधीपर्यंत २००

घामाचं काम किंवा व्यायाम असेल तर जास्त लागेल. आधी आणि नंतर वजन केलं तर अंदाज अचूक येतो: १ किलो घटलं म्हणजे साधारण १ लिटर पाणी गेलं.

आतापर्यंत एक लिटरवर असाल तर एकदम अडीचवर उडी घेऊ नका. दर तीन-चार दिवसांनी २५० ते ३०० मिली वाढवा. पहिला आठवडाभर सारखं जावं लागेल, मग मूत्राशयाला सवय होते.

इथे लोक कुठे चुकतात ते सांगतो.

पाणी वाढवलं, पण लघवी दाबून ठेवली. मग पाण्याचा अर्धा फायदा गेला. भावना झाली नाही तरी तीन-साडेतीन तासांनी जायचं, त्यासाठी फोनवर गजर लावा. बसून, पाय जमिनीला टेकवून, घाई न करता करा. झाल्यावर वीस-तीस सेकंद थांबा, थोडं पुढे वाका आणि पुन्हा एकदा प्रयत्न करा. मूत्राशयात थोडी लघवी मागे राहण्याची सवय असलेल्यांना या दुसऱ्या प्रयत्नाचा फार उपयोग होतो.

एकदम लिटर-दोन लिटर ढोसणं. निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण एक लिटरच्या आतबाहेरच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त पाणी थोड्या वेळात गेलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ उडणं ही त्याची लक्षणं. जळजळ 'धुऊन काढायची' म्हणून तासाभरात तीन-चार लिटर पिणं हा उपाय नाही, तो नवा आजार आहे.

हृदय कमजोर असलेले, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार असलेले, सोडियम कमी राहणारे किंवा लघवीच्या गोळ्या घेणारे यांनी वरचा कोणताही आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांच्यासाठी पाण्याचं माप वेगळं असतं आणि ते वेगळंच पाळावं लागतं.

रंगावर आंधळा विश्वास ठेवू नका. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी झगझगीत पिवळी होते, बीट खाल्ल्यावर काहींना गुलाबी-लाल होते, नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकमुळे तपकिरी होऊ शकते. बीट खाल्लं नाही आणि रंग लाल आहे, तर मात्र ते रक्त धरून चाला आणि दाखवून घ्या.

पाणी सोडून दूध, पातळ सूप, ताकासारखे आंबवलेले पेय हेही द्रवात मोजा. गोड सरबतं आणि डबाबंद रस मोजू नका. त्यांच्यावर द्रवाचं माप पुरं केलं तर साखरेचं माप कुठल्या कुठे जातं.

५. पोट साफ ठेवा

बद्धकोष्ठतेचा आणि लघवीचा काय संबंध, असं वाटेल. गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तो भरलेला राहिला की मूत्राशयावर दाब येतो, ते पूर्ण रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. लहान मुलांमध्ये तर वारंवारच्या लागणीमागे पुष्कळदा हेच कारण असतं, आणि पोट सुधारलं की लघवीचा त्रासही मागे हटतो.

मोठ्या माणसाने दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) घ्यावेत. अंदाजासाठी: एक कप शिजवलेली मसूर साधारण १५ ग्रॅम, सालासकट एक मध्यम सफरचंद ४, ४० ग्रॅम कोरडे ओट्स ४, शिजवलेल्या भाजीच्या १०० ग्रॅमला २ ते ४. म्हणजे दोन वेळा डाळ किंवा कडधान्य, दोन वाट्या भाजी, दोन फळं आणि न चाळलेल्या पिठाचं धान्य एवढ्यात माप बसतं. वाढवायचं ते आठवड्याला ५ ग्रॅमने. एकदम वाढवलं तर गॅस होतो, पोट फुगतं आणि ओटीपोटातल्या त्या ताणाला माणूस मूत्राशयाचंच दुखणं समजतो. इसबगोल घेणार असाल तर एका डोसाला पूर्ण पेलाभर पाणी हवंच, आणि बाकीच्या गोळ्या त्याच्या दोन तास आगेमागे घ्या.

कच्चं मांस हाताळत असाल तर त्यासाठी वेगळी सुरी-पाट ठेवा, हात साबणाने धुवा, मांस आतून ७४ अंशांपर्यंत शिजवा. कच्च्या मांसावर, विशेषतः कोंबडीच्या, ई. कोलाय असतो. तो आतड्यात वस्तीला येऊ नये एवढ्यासाठी ही काळजी.

६. जळजळ चालू असताना ताटात काय

हे तीन-चार दिवसांचं पथ्य आहे, जन्मभराचं नाही. काही पदार्थ संसर्ग वाढवत नाहीत, पण सुजलेल्या अस्तराला डिवचतात. ते तात्पुरते बाजूला ठेवा: कॉफी, कडक चहा, मद्य, सोडा घातलेली पेयं, एनर्जी ड्रिंक, कृत्रिम गोडवा घातलेली 'डाएट' पेयं, तिखट मिरची, टोमॅटो, लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळं आणि त्यांचे रस.

यात कॅफीन सगळ्यात महत्त्वाचं. ते मूत्राशयाच्या स्नायूला चाळवतं, त्यामुळे भावना वारंवार होते. कॉफीच्या २४० मिलीच्या कपात साधारण ९५ मिलिग्रॅम, तेवढ्याच चहात त्याच्या निम्मं. रोज चार-पाच कप घेणाऱ्याने एका दिवसात बंद केलं तर डोकं धरतं. अशांनी दिवसाला एक कप कमी करत यावं.

खायला साधं, मऊ, कमी तिखट: भात, डाळ, शिजवलेल्या भाज्या, अंडी, दही, केळं, पेअर, कलिंगड. भूक नसेल तर थोडं थोडं चार वेळा खा, पण उपाशी राहू नका. पुढच्या पायरीतली काही औषधं रिकाम्या पोटी घेतली की हमखास मळमळतं. ओटीपोटावर कोमट पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवली तर कळ बरीच सैल पडते.

७. औषध आणि जेवण यांच्या वेळा जुळवा

या पायरीत सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण औषध बरोबर असतं आणि घेण्याची पद्धत चुकते. तुमच्या चिठ्ठीवर कोणतं नाव आहे ते बघा आणि तेवढंच वाचा.

नायट्रोफ्युरँटॉइन: जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या. अन्नाबरोबर ते जास्त शोषलं जातं आणि मळमळही कमी होते.

सिप्रोफ्लॉक्सासिन: नुसतं दूध, दही किंवा कॅल्शियम घातलेला रस यांच्याबरोबर घ्यायचं नाही. कॅल्शियम, लोह, झिंक आणि मॅग्नेशियम या औषधाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पोचतच नाही. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि अँटासिड यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. हे औषध शरीरातून कॅफीन बाहेर पडण्याचा वेगही कमी करतं, म्हणून कोर्समध्ये नेहमीच्याच कॉफीने धडधड होते, झोप उडते.

फॉस्फोमायसिन: ३ ग्रॅमची पुडी, एकच डोस. थंड पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, गरम पाण्यात नाही. रात्री झोपण्याआधी, लघवी करून आल्यावर, जेवणानंतर दोन-तीन तासांनी घ्यावी. म्हणजे औषध रात्रभर मूत्राशयात राहतं. पुडी घेऊन वर लिटरभर पाणी पिऊ नका.

कोट्रायमोक्साझोल: भरपूर पाण्याबरोबर. त्यातल्या ट्रायमेथोप्रिममुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून यादी दाखवून विचारा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर हे औषध घेण्याआधी सांगणं अत्यंत गरजेचं आहे.

आता लघवीतलं आम्ल कमी करणारं सिरप किंवा पुडी. सायट्रेट असलेली ही औषधं जळजळीला आराम म्हणून सर्रास घेतली जातात. काहींना बरं वाटतं, पण जंतू त्याने मरत नाही. घ्यायचंच तर पेलाभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर. नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं, त्यामुळे दोन्ही एकत्र घेणं म्हणजे एका हाताने बांधायचं आणि दुसऱ्याने सोडायचं. वारंवारच्या लागणीसाठी मेथेनामाइन दिलं असेल तर त्याला आम्लधर्मी लघवी लागतेच. सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबरही लघवी अल्कधर्मी करू नये, त्याचे स्फटिक बनण्याची शक्यता असते. पोटॅशियम सायट्रेट मूत्रपिंडाच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

पाण्यात खाण्याचा सोडा टाकून पिण्याचा सल्ला तर कृपया कोणाला देऊ नका. एका चमचाभर सोड्यात साधारण १२०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादाच २००० मिलिग्रॅमच्या आत आहे.

कोर्स पूर्ण करा. दोन दिवसांत आग थांबते आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, पुढच्या वेळी त्याच काढून घेतल्या जातात. अर्धवट कोर्स आणि चुकीचं औषध, दोन्हींनी जंतू त्या औषधाला सरावतो. कोर्समध्ये जुलाब पातळ आणि वारंवार होऊ लागले तर डॉक्टरांना कळवा.

८. क्रॅनबेरी, डी-मॅनोज, दही आणि व्हिटॅमिन सी

क्रॅनबेरी या आंबट लाल फळात प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्यं असतात. ती ई. कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात ५० अभ्यास एकत्र तपासले गेले. वारंवार लागण होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला, मुलांमध्येही फायदा दिसला. गरोदर स्त्रिया, संस्थांमध्ये राहणारी वृद्ध मंडळी आणि मूत्राशय नीट रिकामं न होणारे यांना फायदा दिसला नाही. म्हणजे क्रॅनबेरी लागण टाळायला थोडी मदत करते, झालेली बरी करत नाही. घेणार असाल तर गोड रस टाळा, त्याच्या एका पेल्यात २५ ते ३० ग्रॅम साखर असू शकते. गोळी घेताना लेबलवर रोजचे ३६ मिलिग्रॅम प्रोअँथोसायनिडिन लिहिलेत का ते बघा. 'क्रॅनबेरी ५०० मिलिग्रॅम' या आकड्याला अर्थ नाही. वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, मुतखडा झालेल्यांनीही विचारूनच.

डी-मॅनोज या साखरेवर बरीच आशा होती. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५९८ स्त्रियांनी सहा महिने रोज २ ग्रॅम डी-मॅनोज किंवा त्यासारखी दिसणारी निरुपयोगी पावडर घेतली. पुन्हा उपचार घ्यावे लागण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच निघालं. पैसे वाचवा.

दही चांगलं, कारण ते आहार म्हणून चांगलं आहे. त्याने मूत्रमार्गाची लागण थांबते असं ठामपणे म्हणता येत नाही. व्हिटॅमिन सीच्या १ ग्रॅमच्या गोळ्यांबाबतही तेच, शिवाय काहींमध्ये त्या मुतखड्याला निमित्त होतात. फळं खा.

९. साखर आणि मधुमेह

रक्तातली साखर बराच काळ वाढलेली राहिली की ती लघवीत उतरते, जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात, आणि मूत्राशयाच्या नसांवर परिणाम झाला तर ते पूर्ण रिकामं होत नाही. म्हणून मधुमेहींसाठी जेवणाचं पथ्य आणि उन्हाळीचं पथ्य एकच आहे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर लघवीतून बाहेर टाकणं हेच त्या औषधाचं काम असतं. त्यामुळे जननेंद्रियांजवळ बुरशीचा संसर्ग होऊन खाज आणि आग होऊ शकते. तिला उन्हाळी समजून अँटिबायोटिक घेतलं तर बुरशी आणखी वाढते. गोळी मनाने बंद करू नका, पण खाज आहे हे डॉक्टरांना सांगा.

१०. कल्चर स्वच्छ आणि जळजळ तशीच असेल तर

दोन-दोन कल्चरमध्ये जंतू नाही, तरी मूत्राशय भरताना दुखतं आणि लघवी केल्यावर बरं वाटतं. हे मूत्राशयाच्या वेदनेचं वेगळं दुखणं असू शकतं, आणि इथे आहार खरोखर मोठा फरक पाडतो. सहाव्या पायरीतले सगळे झोंबणारे पदार्थ दोन आठवडे पूर्ण बंद करा. वही चालू ठेवा. उतार पडला तर एकेक पदार्थ परत आणा: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी नेहमीइतका, तिसऱ्या दिवशी वाट बघायची. त्रास झाला तर तो पदार्थ बाजूला ठेवा, शांत झाल्यावर पुढचा घ्या. एका वेळी दोन पदार्थ आणले की दोषी कोण ते कळत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्याने त्रास झाला नाही तो परत ताटात येऊ द्या. भीतीपोटी वीस पदार्थ कायमचे सोडलेली माणसं अशक्त होतात, बरी होत नाहीत.

दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर आहार तुमचा अपराधी नाही. पथ्य सोडा आणि पुढची तपासणी करा.

११. पुन्हा पुन्हा होत असेल तेव्हा

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा लागण झाली तर तिला वारंवारची लागण म्हणतात, आणि तिथे नुसत्या आहारावर भागत नाही. डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची वही, औषधांची यादी आणि सगळे कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. कोणत्या अँटिबायोटिकला जंतू दाद देत नाही ते रिपोर्टच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, त्यावरून पुढचं औषध ठरतं. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल आवर्जून विचारावं. संकोचामुळे हा विषय निघत नाही आणि चांगला उपाय राहून जातो. संबंधांनंतर त्रास सुरू होतो का, शुक्राणुनाशक जेल वापरता का, हेही स्पष्ट सांगा. लक्षणं काहीच नाहीत आणि रिपोर्टमध्ये मात्र जंतू आले, तर घाबरून गोळ्या मागू नका. गरोदरपण किंवा मूत्रमार्गावरची काही प्रकारची शस्त्रक्रिया सोडली तर अशा जंतूंना सहसा औषध लागत नाही.